नाक्यावर उभं राहणं आणि इथला कायदा



"लॉयटरिंग" या शब्दाला मराठी शब्द शोधायला आम्ही बसलो आणि अर्ध्या तासात वहीचं एक पान भरलं. रेंगाळणं, घुटमळणं, टंगळमंगळ करणं, उनाडक्या करणं, चकाट्या पिटणं, वेळ काढणं. यातला एकही शब्द गुन्ह्याचा नाही. फार तर वडिलांनी ओरडण्याचा आहे. आमच्या पिढीतली निम्मी मंडळी तर कट्ट्यावरच वाढली. कुणाचा शिवाजी पार्कचा कट्टा, कुणाचा गावातला पार, कुणाचा चाळीचा जिना, कुणाची पानाच्या गादीसमोरची जागा. काहीही काम नसताना दोन दोन तास उभं राहायचं आणि घरी जाताना "फार उशीर झाला" म्हणून घाईत निघायचं, ही आपल्याकडे विद्याच होती.

इथे दुकानाच्या भिंतीवर "नो लॉयटरिंग" अशी पाटी दिसते. पहिल्या वर्षी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती "कचरा टाकू नये" या अर्थाने वाचली असेल, कारण "लिटरिंग" आणि "लॉयटरिंग" यांत आपल्या कानाला फारसा फरक नाही. विनोद सोडा. हा लेख लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्याच मंडळातल्या एका कुटुंबाला गेल्या हिवाळ्यात या शब्दाने तीन महिने झोप लागू दिली नाही. त्यांच्या परवानगीने, नावगाव गाळून, ती हकिकत खाली देत आहोत. तिच्या आगेमागे जो कायदा आहे, तो आम्ही जमेल तेवढा वाचून काढला. आम्ही वकील नाही हे आधीच सांगतो. पण आपल्या घरातल्या मुलांना समजावून सांगता येईल इतपत तरी तो प्रत्येक आईवडिलांना ठाऊक असावा, असं आमचं ठाम मत झालं आहे.

मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजातून सुट्टीला घरी आलेला. रात्री साडेदहाच्या सुमारास शाळेतले जुने मित्र एका दुकानांच्या रांगेसमोरच्या पार्किंग लॉटमध्ये जमले. दोन गाड्या, सहा मुलं. थंडी असल्यामुळे कधी या गाडीत बसायचं, कधी त्या. पिझ्झ्याचे आणि पेट्रोलचे पैसे गोळा करायचे म्हणून खिडकीतून नोटा इकडून तिकडे जात होत्या. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली. एका मुलाच्या जॅकेटमध्ये औषधाच्या गोळ्या सापडल्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवायच्या. परीक्षेच्या दिवसांत जागं राहायला काही मुलं घेतात त्या जातीच्या. ज्याच्या खिशात गोळ्या, त्याच्यावर बाळगण्याचा आरोप. बाकीच्यांवर, आणि त्यात आपल्या मुलावर, "अमली पदार्थ मिळवण्याच्या किंवा विकण्याच्या हेतूने सार्वजनिक जागी रेंगाळणं" असं कलम लावून समन्स हातात दिलं.

आईवडिलांची पहिली प्रतिक्रिया तुमच्याआमच्या घरात झाली असती तीच. कुणाला कळता कामा नये. दुसरी प्रतिक्रिया: दंड भरू आणि मोकळे होऊ. पंचवीस वर्षं इथे राहिलेल्या एका नातेवाइकांनीही तेच सांगितलं, "अहो, म्युनिसिपल कोर्ट आहे, स्पीडिंग तिकिटासारखं. 'गिल्टी' म्हणा, पैसे भरा, विसरून जा." त्या माऊलीला मात्र हे पटेना. ती म्हणाली, केलं नाही तर "केलं" कसं म्हणायचं? या एका साध्या हट्टामुळे ते वकिलाकडे गेले, आणि तिथे पहिल्याच भेटीत वकिलाने विचारलं, "मुलगा सिटिझन आहे की ग्रीन कार्डवर?" तो ग्रीन कार्डवर होता. तेव्हा या "तिकिटा"चं वजन त्यांना कळलं.

त्या वजनाकडे येऊच. आधी कायद्यात लिहिलंय काय ते पाहू, कारण नुसतं उभं राहणं हा गुन्हा आहे असा आपला जो समज होतो तो बरोबर नाही.

न्यू जर्सीचं हे कलम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं आहे. त्यात दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. एक, माणूस सार्वजनिक जागी, पायी किंवा गाडीत, रेंगाळत होता आणि त्यामागे अमली पदार्थ मिळवण्याचा किंवा विकण्याचा हेतू होता. दोन, त्याचं वागणं असं होतं की त्यातून तो हेतू उघड दिसावा. कसलं वागणं याची उदाहरणंही कायदा देतो: येणाऱ्याजाणाऱ्यांना किंवा गाड्यांना पुन्हापुन्हा खुणावणं, थांबवणं, त्यांच्याशी वस्तूंची पुन्हापुन्हा देवाणघेवाण करणं. आणि मग एक वाक्य असं आहे की ते वाचून आम्हाला कायदा लिहिणाऱ्याचं कौतुक वाटलं. दुसरी गोष्ट सिद्ध करायला जे वागणं दाखवलं, तेवढ्याच एका पुराव्यावर पहिली गोष्ट, म्हणजे हेतू, सिद्ध झाला असं धरता येत नाही. साध्या भाषेत, "तो नोटा देत होता, म्हणजे त्याचा हेतू तोच होता, आणि हेतू तोच होता म्हणून नोटा देत होता" असं गोल गोल फिरता येत नाही. हेतूला वेगळा पुरावा लागतो. आपल्या मुलाच्या बाबतीत वकिलाने याच वाक्यावर बोट ठेवलं. पिझ्झ्याची पावती होती, गोळ्या त्याच्याजवळ नव्हत्या, त्या दुसऱ्याच्या खिशात आहेत हे त्याला माहीत होतं असं दाखवणारं काही नव्हतं. तिसऱ्या तारखेला सरकारी वकिलाने आरोप मागे घेतला.

सिद्ध झाला असता तर? न्यू जर्सीत याला "डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स" म्हणतात. ऐकायला गोंधळ घालण्याइतपत किरकोळ. पण शिक्षा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आणि हजार डॉलरपर्यंत दंड अशी होऊ शकते, आणि खटला ज्युरीविना, एका न्यायाधीशापुढे चालतो.

कॅलिफोर्नियातही असाच कायदा आहे, १९९५ साली केलेला. तिथली यादी लांबलचक आहे: पहारा देणं, चोरटेपणाने पैशांच्या बदल्यात लहान पुडकी देणं, काहीतरी लपवायचा प्रयत्न करणं, गिऱ्हाईक बोलावण्याच्या खुणा करणं, गेल्या पाच वर्षांत अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेली असणं, वगैरे. पण तिथेही "लॉयटर" या शब्दाची व्याख्या आधी दिलेली आहे: कायदेशीर कारण नसताना आणि संधी मिळताच गुन्हा करावा या हेतूने थांबून राहणं. हेतू काढून घेतला की उरतो तो आपला कट्टा. (तिथे वेश्याव्यवसायासाठी रेंगाळण्याचं जे कलम होतं, ते २०२२ साली रद्द करण्यात आलं. अमली पदार्थांचं मात्र राहिलं.)

हे कायदे इतके जपून, शब्द तोलून का लिहिले गेले? कारण आधीचे कायदे कोर्टात टिकले नव्हते. ही कहाणी मजेदार आहे आणि थोडी दुःखाचीही.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराच्या एका जुन्या कायद्यात कोणाकोणाला "भटके" समजून पकडायचं त्याची यादी होती. भामटे, भिकारी, जुगारी, रात्री फिरणारे, आणि कसलंही कायदेशीर कारण नसताना जागोजागी हिंडणारे. त्याच यादीत "काम करता येत असून बायकोच्या किंवा लहान मुलांच्या कमाईवर जगणारे" असेही होते. हे वाचून आमच्या मंडळातल्या दोनतीन नवरोबांनी एकमेकांकडे पाहिलं. शिक्षा नव्वद दिवस तुरुंग, पाचशे डॉलर दंड. एका रविवारी पहाटेच्या आधी दोन गोऱ्या तरुणी आणि दोन कृष्णवर्णीय तरुण गाडीतून नाइट क्लबकडे निघाले होते. पोलिसांनी पकडलं, आणि आरोप लावला "गाडीतून दबा धरून फिरणं". त्यांतली एक शिक्षिका होती, एक तरुण व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला विद्यार्थी. गोरे-काळे एकत्र बसले म्हणून पकडलं नाही, असं पोलिसांचं म्हणणं. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदाच रद्द केला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचा मुद्दा असा होता की, सामान्य माणसाला वाचून कळत नाही की नक्की काय करू नये, आणि पोलिसाच्या मर्जीला मात्र मोकळं रान मिळतं.

पुढे सॅन डिएगोत एडवर्ड लॉसन नावाच्या गृहस्थांची गोष्ट. कृष्णवर्णीय, आणि पायी फिरण्याची आवड. मार्च १९७५ ते जानेवारी १९७७ या काळात त्यांना पोलिसांनी सुमारे पंधरा वेळा अडवलं किंवा पकडलं. त्यावेळच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार, पोलिसाने विचारलं तर "विश्वासार्ह" ओळख देणं बंधनकारक होतं. विश्वासार्ह म्हणजे काय ते पोलिसाने ठरवायचं. लॉसन शेवटपर्यंत भांडले आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. चालायला निघालेल्या माणसाची ही चिकाटी आम्हाला फार आवडली. आपले किती आजी-आजोबा रोज संध्याकाळी पांढरे बूट घालून सबडिव्हिजनला चार फेऱ्या मारतात! त्यांना कुणी पंधरा वेळा अडवलं तर?

आणि मग शिकागो. १९९२ साली शहराने कायदा केला की टोळीतला वाटणारा माणूस कुणाबरोबर "उघड कारण नसताना" एका जागी उभा दिसला, तर पोलिसाने सगळ्यांनाच पांगायला सांगायचं, आणि जो हलणार नाही त्याला पकडायचं. तीन वर्षांत ८९,००० हून अधिक वेळा पांगण्याचे हुकूम निघाले आणि ४२,००० हून अधिक अटका झाल्या. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा फेटाळला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विचारलं ते साधंच होतं: मैदानाबाहेर थांबलेला माणूस कुणाला लुटायला थांबलाय की सॅमी सोसा बाहेर येताना दिसेल म्हणून थांबलाय, यात या कायद्याला फरकच दिसत नाही. आम्ही लगेच वानखेडेच्या गेटबाहेर सचिनसाठी थांबलेल्या पोरांना आठवलं. शिकागोने पुढच्याच वर्षी नवा, अधिक नेमका कायदा केला आणि त्यात अमली पदार्थांसाठी रेंगाळण्याचं स्वतंत्र कलम घातलं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस क्रॅक कोकेनची लाट आली तेव्हा शहराशहरांनी असे कायदे केले, आणि कोर्टांनी वेगवेगळे निकाल दिले. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने टॅम्पाचा आणि ओहायोच्या न्यायालयाने अॅक्रनचा कायदा १९९३ साली फेटाळला. वॉशिंग्टन राज्यात टकोमाचा १९९२ साली टिकला. आपल्या न्यू जर्सीत तर नेवार्क शहराचा रेंगाळण्याविरुद्धचा कायदा १९८२ मध्येच पडला होता, कारण गुन्हेगारीचा कायदा राज्य करील, गावोगावी वेगळा नको, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं. म्हणून आपल्याकडे जो आहे तो राज्याचा. सिअॅटलने आपला १९९० चा कायदा २०२० मध्ये स्वतःहून रद्द केला, कारण त्याचा बडगा कृष्णवर्णीयांवरच फार पडतो अशी तक्रार होती. आणि चारच वर्षांनी, २०२४ मध्ये, अमली पदार्थांच्या आरोपींना ठरावीक भागांतून न्यायाधीश लांब ठेवू शकतील असा नवा कायदा त्याच शहराने केला. झोका इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे.

इथे दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. हे कायदे कुणी दुष्टाव्याने केले असं आम्हाला वाटत नाही. शिकागोच्या नगरसभेपुढे साक्ष द्यायला आले होते ते त्याच वस्त्यांतले लोक, त्यांतले कितीतरी वयस्क. दुकानापर्यंत जायचं तर भीती वाटते, नातवंडांना अंगणात सोडता येत नाही, असं ते सांगत होते. आणि आपण हे विसरलो का? १९८७ साली जर्सी सिटीत "डॉटबस्टर्स"चं ते पत्र वर्तमानपत्रात छापून आलं होतं. भारतीयांना जर्सी सिटीतून हुसकावण्यासाठी कोणत्याही थराला जाऊ, म्हणून. त्याच सप्टेंबरात होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो त्यातून वाचला नाही. त्या दिवसांत आपल्या जुन्या सभासदांपैकी कितीतरी जण कोपऱ्यावर चारपाच पोरं दिसली की रस्ता बदलत, बायका कपाळावरची टिकली काढून बसमध्ये चढत. तेव्हा कुणी विचारलं असतं की पोलिसांनी कोपरे रिकामे करावेत का, तर आपण सगळ्यांनी हात वर केले असते. आज आपलीच पोरं कोपऱ्यावर उभी आहेत. त्यांचा रंग दुकानदाराच्या डोळ्यांना कोणता दिसतो, हे त्या त्या दिवसावर आणि त्या त्या दुकानदारावर अवलंबून आहे.

"अमेरिकेतच असले कायदे" असंही म्हणून चालणार नाही. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी अशा भटक्या जमातींची माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरली, पोलिसांकडे हजेरी आली, सोलापूरला तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत माणसं ठेवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांची सुटका झाली, देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी. आणि १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद रीतीने आढळणाऱ्याविरुद्ध कलम आहेच. आपण कट्ट्यावर बिनधास्त बसलो, कारण आपल्याला कुणी "ते लोक" समजलं नाही. इथे आपण कधी कधी "ते लोक" असतो, एवढाच फरक.

आता त्या वजनाकडे.

इमिग्रेशनच्या कायद्यात अमली पदार्थांचा विषय फार कडक आहे. नागरिक नसलेल्या माणसाला, मग ग्रीन कार्ड वीस वर्षांचं का असेना, अमली पदार्थांशी "संबंधित" कायद्याखाली दोषी ठरवलं गेलं तर देशाबाहेर काढता येतं. सूट एकच, अगदी अरुंद: स्वतःसाठी तीस ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याची एकच घटना. गुन्हा लहान की मोठा, तुरुंग झाला की नाही, हे इथे फारसं पाहिलं जात नाही. रेंगाळण्याच्या या कलमात अमली पदार्थांचा उल्लेख सरळ आहे, म्हणून वकील त्याला हलक्यात घेत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना अजिबात ठाऊक नसते. "दोषी" कशाला म्हणायचं याची इमिग्रेशनची व्याख्या १९९६ पासून वेगळी आहे. कोर्टात "गिल्टी" म्हटलं आणि न्यायाधीशाने दंड, क्लास, देखरेख अशी कसलीही शिक्षा लावली, की राज्याच्या कोर्टाने पुढे ती केस काढून टाकली तरी इमिग्रेशनच्या लेखी ती राहते. रेकॉर्ड पुसून घेतलं, ज्याला इथे "एक्स्पंज" म्हणतात, तरी सहसा उपयोग नाही. अठराच्या आतल्या मुलांचं ज्युव्हेनाइल कोर्टातलं प्रकरण साधारणपणे यात धरलं जात नाही. म्हणजे सतरा आणि एकोणीस यांत किती अंतर आहे ते बघा.

होझे पडिला यांची केस या बाबतीत प्रसिद्ध आहे. मूळ होंडुरासचे, चाळीसहून अधिक वर्षं इथे कायदेशीर राहिलेले, व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या सैन्यात लढलेले. त्यांच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. त्यांच्या वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं इथे आहात, काळजी नको, "गिल्टी" म्हणा. म्हणाले, आणि हद्दपारीची नोटीस आली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नागरिक नसलेल्या अशिलाला हा धोका सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. आपल्या त्या नातेवाइकांचा आणि पडिलांच्या वकिलाचा सल्ला शब्दशः एकच होता.

मेलौली यांची गोष्ट तर ऐकून विश्वास बसत नाही. ट्युनिशियाहून शिकायला आलेले, अॅक्चुअरी म्हणून काम केलेले, विद्यापीठात गणित शिकवलेले. २०१० साली कॅन्ससमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्यावरून पकडले गेले, आणि मोज्यात अॅडरॉलच्या चार गोळ्या सापडल्या. खटला गोळ्यांचा नव्हे, "अमली पदार्थ ठेवण्याचं साधन" बाळगण्याचा झाला. साधन म्हणजे तो मोजा! त्यांनी कबूल केलं, आणि २०१२ मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की हे चुकलं, कारण राज्याच्या गुन्ह्याचा संबंध केंद्राच्या यादीतल्या पदार्थाशी जोडून दाखवलाच नव्हता. पण तीन वर्षं तर गेलीच.

गांजाचं वेगळं सांगायला हवं. न्यू जर्सीत २०२१ पासून एकवीस वर्षांवरील माणसाला तो कायदेशीर आहे, दुकानं आहेत, पाट्या आहेत. मुलं म्हणतात, "बाबा, इट्स लीगल." राज्यात असेल. केंद्राच्या कायद्यात तो अजून नियंत्रित पदार्थच आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या वर्तनाचा विचार करताना राज्यात कायदेशीर असलेला गांजाही आड येऊ शकतो, असं इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्ये लेखी सांगितलं. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे "हो, एकदा घेतला होता" असं सहज बोललेलं वाक्यही महागात पडू शकतं. एच-फोरवरून एफ-वनवर गेलेल्या मुलांनी तर फारच जपावं. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. त्यांत काहींच्या नावावर मिटलेली किंवा अगदी किरकोळ प्रकरणं होती. कोर्टकचेऱ्या झाल्यावर एप्रिलअखेर नोंदी परत चालू झाल्या. त्या मधल्या आठवड्यांत या मुलांच्या घरी काय झालं असेल याची कल्पनाच करावी.

यातून एक गोष्ट निघते, ती थोडी नाजूक आहे, पण लिहितोच. आपल्यातले बरेच जण नागरिकत्वाचा अर्ज पुढे पुढे ढकलतात. भारतीय पासपोर्ट हातातून सुटत नाही. आम्हीही ते समजू शकतो. दोन्ही पासपोर्ट ठेवता येत नाहीत आणि ओसीआय कार्ड म्हणजे पासपोर्ट नव्हे. पण २००१ साली अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे, ग्रीन कार्डवरचं मूल अठराच्या आत असताना, आई किंवा वडील यांपैकी एक जण जरी नागरिक झाला आणि मूल त्याच्या ताब्यात, इथे राहत असलं, तर ते मूल आपोआप नागरिक होतं. अठरा उलटले की त्याचा त्याला अर्ज करावा लागतो. वर सांगितलेल्या घरात वडिलांनी अर्ज केला तेव्हा मुलाला अठरा होऊन चार महिने झाले होते. ज्यांची मुलं सध्या चौदा-पंधरा-सोळाची आहेत, त्यांनी कॅलेंडर काढून बसावं.

मुलांशी काय बोलावं? आम्ही आपल्याच काही मोठ्या मुलांना विचारलं. ती म्हणाली, भाषण देऊ नका, चार गोष्टी सांगा. पोलीस दिसला की पळायचं नाही. ही भित्रेपणाची गोष्ट नाही. गुन्हेगारी जास्त असलेल्या भागात पोलिसाला पाहून कारण नसताना पळणं हे संशयाला धरून चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली शिकागोच्याच एका केसमध्ये म्हटलं आहे. हात दिसतील असे ठेवायचे, उद्धटपणा नाही, वाद नाही. "मी जाऊ शकतो का?" हे नम्रपणे विचारायचं, आणि हो म्हटलं तर सरळ चालू लागायचं. झडती घेऊ का विचारलं तर नाही म्हणण्याचा हक्क आहे. ताब्यात घेतलंच तर वकील हवा एवढं सांगून गप्प बसायचं. आपल्या मुलांना "गप्प बसणं म्हणजे काहीतरी लपवणं" असं वाटतं, कारण घरी आपणच त्यांना तसं म्हणत आलो. आणि मित्राच्या खिशात काय आहे ते ठाऊक नसेल तर त्या गाडीत बसण्याआधी विचारायला लाजायचं नाही.

आईवडिलांसाठी एकच: पोलीस स्टेशनवर गेल्यावर मराठीतून रागवायला सुरुवात करू नये. "तुला सांगितलं होतं ना त्या पोराबरोबर जाऊ नको!" हे वाक्य तिथे बसलेल्या कुणालाही भाषेविना कळतं. घरी जाऊन काय ते बोलावं. समन्स आलं तर ठरलेल्या तारखेला हजर राहावंच, पण "गिल्टी" म्हणण्याआधी फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवावा. खर्च परवडत नसेल तर म्युनिसिपल कोर्टातही सरकारी बचाव वकिलासाठी अर्ज करता येतो. लाज वाटू देऊ नये. ज्या घरी हे घडलं, त्या वहिनींनी आम्हाला सांगितलं की त्या तीन महिन्यांत सगळ्यात जड गेलं ते मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला येऊन तिळगूळ वाटणं, कारण काहीच झालं नाही असं दाखवायचं होतं.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी हॉलच्या मागच्या बाजूला एक वकील बाई अर्धा तास प्रश्नांची उत्तरं द्यायला बसणार आहेत. ज्यांना सर्वांसमोर विचारायचं नसेल त्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून तिकिटांच्या टेबलावरच्या डब्यात टाकावेत. चिठ्ठीवर नाव नको. मुलांनाही बरोबर आणावं, आणि ती बाहेर पार्किंगमध्ये उभी राहिली तर राहू द्यावीत.